कोल्ड्रिंकची सवय सोडायची आहे? सुरुवात इथून करा

रोज दोन-तीन कोल्ड्रिंक पिणाऱ्या माणसाला ‘हे तब्येतीला चांगलं नाही’ असं सांगण्यात काही अर्थ नसतो. ते त्याला केव्हाच माहीत असतं. घरच्यांनी सांगून झालेलं असतं, डॉक्टरांनी बजावलेलं असतं, आणि ‘सोमवारपासून बंद’ असं त्यानं स्वतःही ठरवलेलं असतं. मंगळवारी दुपारी डोकं ठणकायला लागतं, कामात लक्ष लागेनासं होतं आणि बाटलीचं झाकण फुस्स करून उघडलं जातं. मग तो स्वतःवरच ठपका ठेवतो: आपल्याला मनावर ताबाच नाही.

मला हे पटत नाही. मंगळवारचं ते डोकं कॅफीन अचानक तोडल्यामुळे दुखत होतं आणि त्यावर उपाय आहे. कोल्ड्रिंकची सवय वरून एक दिसते, पण आत चार-पाच वेगवेगळ्या गरजा गुंतलेल्या असतात: तहान, गोडाची ओढ, कॅफीन, तोंडाला हवी असलेली थंडगार फसफस आणि कामातून उठायला मिळणारं निमित्त. या एकेक करून सोडवता येतात. सगळ्यांशी एकाच दिवशी झुंज घेतली की दमछाक होते आणि आठवडाभरात माणूस पुन्हा जुन्या वळणावर येतो.

आधी आठवडाभर फक्त नोंद ठेवा

पहिल्या आठवड्यात काहीही कमी करू नका. खरंच करू नका. नेहमीसारखं प्या आणि प्रत्येक वेळी मोबाइलमध्ये एक ओळ लिहा: किती वाजता, काय, किती मिलिलिटर, आणि त्या आधीच्या दहा मिनिटांत काय चाललं होतं. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ‘जेवण झालं’, ‘मीटिंग संपली’, ‘गाडी चालवत होतो’, ‘कंटाळा आला’, ‘समोरच्यानं मागवलं म्हणून’, एवढं पुरे.

आठवड्याच्या शेवटी ही यादी वाचली की एक गोष्ट ठळकपणे दिसते. वेळा ठरलेल्या असतात. आपल्याला वाटतं की दिवसभर मन येईल तेव्हा आपण पितो, पण बहुतेकांच्या यादीत त्याच तीन-चार जागा पुन्हापुन्हा येतात. म्हणजे लढाई दिवसभराची नाही, त्या तीन-चार जागांची आहे. हे कळल्यावर बराच धीर येतो.

याच आठवड्यात लेबल वाचायलाही शिका. बाटलीवर साखरेचा आकडा बहुतेक वेळा १०० मिलिलिटरसाठी किंवा ‘एका सर्व्हिंगसाठी’ दिलेला असतो, आणि एका बाटलीत दोन-अडीच सर्व्हिंग धरलेली असतात. पूर्ण बाटली पिणाऱ्यानं पूर्ण बाटलीचा हिशेब करायचा. नेहमीच्या कोलामध्ये १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम आणि अर्ध्या लिटरच्या बाटलीत ५० ग्रॅमच्या वर.

आता हा आकडा डोळ्यांनी बघा. चहाचा चमचा सपाट भरला तर त्यात साधारण ४ ग्रॅम साखर मावते. एक ताटली घ्या आणि तिच्यावर तेरा चमचे साखर ओता. चौथ्या-पाचव्या चमच्यापर्यंत काही वाटत नाही. आठव्यानंतर ढीग कडेनं घसरायला लागतो, आणि तेरावा चमचा ओतताना हात आपोआप थबकतो. ही अर्ध्या लिटरची बाटली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार दिवसभरातल्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा अशा वरून घातलेल्या साखरेतून यावी, आणि ५ टक्क्यांच्या खाली आली तर आणखी चांगलं. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. म्हणजे दिवसभराची कमाल मर्यादा ती एक बाटली एकटीच ओलांडते, आणि दिवसातलं बाकीचं गोड अजून मोजायचंच आहे.

एवढी साखर तोंडाला जाणवत कशी नाही? कारण ती झाकलेली असते. थंडपणामुळे जिभेला गोडी कमी लागते, आणि आम्लाचा आंबटपणा व फसफशीची टोचणी तिला तोलून धरतात. ग्लासभर कोला चमच्यानं ढवळून रात्रभर उघडा ठेवा आणि सकाळी तसाच, कोमट, एक घोट घ्या. गॅस उडालेला असतो, थंडपणा गेलेला असतो, आणि उरतो तो दाट, घशाशी चिकटणारा पाक. दुसरा घोट घ्यावासा वाटत नाही. आपण रोज पितो ते हेच.

प्रत्येक बाटली कशासाठी उघडली जाते?

आता नोंदवहीतल्या प्रत्येक ओळीसमोर एक शब्द लिहा: तहान, गोड, कॅफीन, फसफस की निमित्त. काही ओळींपुढे दोन शब्द येतील, येऊ द्यात.

माझ्या मते सगळ्या मार्गदर्शनात हीच पायरी कळीची आहे आणि नेमकी हीच गाळली जाते. ‘कोल्ड्रिंकऐवजी पाणी प्या’ हा सल्ला तहानेच्या बाटलीला लागू पडतो. पण दुपारी तीनला झोप अनावर होते म्हणून जी बाटली उघडली जाते, तिच्या जागी पाणी ठेवून काय होणार? पाण्यात कॅफीन नाही. मग माणूस पाणी पितो, झोप तशीच राहते आणि दहा मिनिटांनी तो कोल्ड्रिंकही पितो. पर्याय चुकीच्या गरजेला दिला गेला, एवढंच झालं.

तहानेची बाटली सुटायला सगळ्यात सोपी. कोल्ड्रिंकमधलं पाणी शरीराला मिळतं हे खरं, पण गोडवा तोंडात रेंगाळतो आणि थोड्या वेळानं पुन्हा काहीतरी प्यावंसं वाटतं. उपाय साधा आहे. पाण्याची बाटली सतत हाताशी ठेवा, आणि ज्या वेळी तुम्ही नेहमी कोल्ड्रिंक उघडता त्याच्या अर्धा तास आधी एक मोठा ग्लास पाणी पिऊन टाका. तहान लागल्यावर पाणी शोधायला निघालात तर वाटेत दुसरंच काहीतरी सापडतं. पाणी गार आवडत असेल तर गारच प्या. आवडीचं पाणी पोटात जाणं महत्त्वाचं.

फसफशीसाठी साधा सोडा. बिनसाखरेचा, बिनचवीचा, थंडगार. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि ‘हे तर खोटं समाधान’ असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. अनेकांना कोल्ड्रिंकमध्ये खरी ओढ त्या टोचणाऱ्या बुडबुड्यांचीच असते, साखर फक्त सोबत येते. सोड्यात लिंबाची पातळ चकती किंवा पुदिन्याची चार पानं टाकली की पहिल्या आठवड्यातला बेचवपणा निभावून जातो. विकत घेताना मात्र नीट बघा. सोड्यासारख्याच दिसणाऱ्या ‘टॉनिक वॉटर’मध्ये बऱ्यापैकी साखर असते, आणि फळांचा स्वाद दिलेल्या काही पाण्यांतही.

गोडाची ओढ असेल तर गोड खा, पण चावून. फळ खाल्लं की चोथा पोटात जातो, चावायला वेळ लागतो आणि पोट भरल्याची जाणीव होते. पातळ पदार्थातून आलेल्या कॅलरी पोटाला तितक्या कळत नाहीत. कॅन प्यायलो म्हणून जेवताना कोणी घासभर कमी जेवत नाही. फळांचा रस हा मात्र इथे पर्याय नव्हे. डब्यातल्या रसात, शंभर टक्के फळांचा असला तरी, साखरेचं प्रमाण बहुतेक वेळा कोल्ड्रिंकच्या आसपासच असतं.

निमित्ताची बाटली वेगळी. तिथे हवी असते ती खुर्चीवरून उठण्याची, चार पावलं चालण्याची, कुणाशी दोन शब्द बोलण्याची मुभा. ती मुभा ठेवा आणि हातातली वस्तू बदला. जे उठणंच बंद करतात त्यांची सवय सुटत नाही, कारण त्यांनी कोल्ड्रिंकसोबत दिवसातली विश्रांतीही सोडलेली असते.

कॅफीन हळूहळू उतरवा

कोलाच्या कॅनमध्ये साधारण ३० ते ४५ मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि २५० मिलिलिटरच्या बहुतेक एनर्जी ड्रिंकमध्ये ८० च्या आसपास. लिंबाच्या किंवा संत्र्याच्या चवीच्या पेयांत बहुधा नसतं, पण काहींत घातलेलं असतं, म्हणून लेबल बघूनच ठरवा. तुमच्या यादीत रोज कॅफीनची तीन-चार पेयं असतील तर ती एका झटक्यात बंद करू नका.

झटक्यात बंद केली की १२ ते २४ तासांत त्रास सुरू होतो. डोकेदुखी, सुस्ती, चिडचिड, लक्ष न लागणं, कधी मळमळ. पहिल्या दोन दिवसांत हे सगळ्यात जास्त असतं आणि पुढे दोन ते नऊ दिवस टिकू शकतं. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या अमेरिकन निदानसूचीत, कॅफीन सुटतानाच्या या त्रासाची रीतसर नोंद आहे. तेव्हा ‘मनाचे खेळ आहेत’ असं कोणी म्हटलं तर ते मनाला लावून घेऊ नका.

रीत अशी. दर तीन-चार दिवसांनी एक कॅन किंवा एक ग्लास कमी करा. एकदम एक कमी करणं जड जात असेल तर तेवढीच बाटली घ्या आणि त्यातली अर्धी ओतून द्या. हो, ओतून द्या. पैसे वाया गेल्याची रुखरुख लागेल, पण पोटात गेल्यानं ते परत मिळत नाहीत. ‘उरलेलं नंतर पिऊ’ म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेली अर्धी बाटली रात्री हमखास संपते.

कुठली आधी कमी करायची? संध्याकाळची. तीच आधी, मग ती कितीही आवडती असो. कॅफीन शरीरातून अर्ध्यावर यायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. संध्याकाळी सातला प्यायलेल्या एनर्जी ड्रिंकमधलं निम्मं कॅफीन मध्यरात्री रक्तात फिरत असतं. झोप उथळ होते, सकाळी जड वाटतं, दुपारी डोळे मिटायला लागतात आणि पुन्हा कॅफीन लागतं. दुपारची गरज आदल्या संध्याकाळनंच निर्माण केलेली असते. संध्याकाळची बाटली सुटली की चार-पाच दिवसांत दुपारची तल्लफ आपोआप सौम्य होते.

चहा किंवा कॉफी आधीपासून पीत असाल तर ती या काळात आहे तशी चालू ठेवा. दोन्ही आघाड्या एकदम उघडू नका. कोल्ड्रिंकमधल्या कॅफीनची जागा तात्पुरती बिनसाखरेच्या चहा-कॉफीनं भरली तरी माझी काही हरकत नाही, कारण निदान साखर तरी त्याच दिवशी सुटते.

घरातला साठा

घरात असेल तर प्यायलं जातं. इतकी साधी गोष्ट आहे. मोठी बाटली ‘स्वस्त पडते’ म्हणून आणू नका, कारण उघडल्यावर गॅस जायच्या आत संपवायची घाई आपणच करतो. प्यायचीच असेल तेव्हा सगळ्यात लहान आकार घ्या, एकच घ्या, आणि तोही मुद्दाम बाहेर जाऊन. मध्ये वीस पावलांचं जरी अंतर पडलं तरी अर्ध्या वेळा आपण उठतच नाही.

घरातले बाकीचे पीत असतील तर त्यांच्यावर बंदी घालू नका, भांडण होईल आणि सवय बाजूला राहील. त्यांना एवढंच सांगा की बाटली मला समोर दिसणार नाही अशी ठेवा आणि मला विचारू नका. फ्रिज उघडल्यावर डोळ्यांसमोरच्या कप्प्यात पाणी आणि सोडा असू द्या.

तल्लफ आली तर

तल्लफ येणारच. ती चढते, काही मिनिटं टिकते आणि ओसरते. ती अशीच वाढत जाईल, असं त्या क्षणी वाटतं, पण तसं होत नाही. त्यासाठी वाक्य आधीच तयार ठेवा, जर-तरच्या रूपात: ‘जर जेवण झाल्यावर कोला प्यावासा वाटला, तर मी एक ग्लास सोडा ओतून घेईन आणि दहा मिनिटं थांबेन.’ पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानं अशा जर-तरच्या योजनांवर बरंच काम केलं आहे. ‘मी कमी पिईन’ या मोघम निश्चयापेक्षा अशी योजना अमलात येण्याची शक्यता जास्त असते, कारण ऐन वेळी विचार करावा लागत नाही. नोंदवहीतल्या तीन-चार जागांसाठी तीन-चार वाक्यं लिहा. त्याहून जास्त लिहू नका, लक्षात राहत नाहीत.

दहा मिनिटांनंतरही हवंच असेल तर ग्लासात ओतून, बसून, सावकाश प्या आणि नोंद करा. स्क्रीनकडे बघत बाटली तोंडाला लावू नका. कित्येकदा चार घोटांत समाधान होतं आणि उरलेलं नकोसं वाटतं, पण ते कळायला लक्ष तिथे असावं लागतं.

चारचौघांत प्रश्न वेगळा असतो. समोरचा आग्रह करतो, आपल्याला नाही म्हणवत नाही. इथे लांबलचक कारणं देऊ नका. ‘मी सोडलंय’ म्हटलं की चर्चा सुरू होते. ‘मला साधा सोडा चालेल’ म्हटलं की विषय संपतो. हातात ग्लास असला की कोणी दुसरा पुढे करत नाही.

डाएटचं काय?

हा प्रश्न हमखास येतो. बिनसाखरेच्या डाएट पेयांमुळे साखर त्या दिवसापासून बंद होते, हा फायदा खरा आहे आणि तो मी कमी लेखणार नाही. रोज दीड लिटर पिणाऱ्यासाठी तो मोठा आहे. पण त्यात आम्ल असतंच, कोला असेल तर कॅफीनही असतं, आणि गोडाची ओढ तशीच जागी राहते. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडकारकांचा वापर करू नये अशी शिफारस केली. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती शिफारस लागू केलेली नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डाएट पेयांतल्या अस्पार्टेम या गोडकारकाला ‘कर्करोगास कदाचित कारणीभूत’ या २ब गटात टाकल्याच्या बातम्या आल्या आणि लोक घाबरले. तो गट मर्यादित पुरावा असलेल्या गोष्टींचा आहे. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीनं दिवसाला शरीराच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम ही आधीचीच मर्यादा कायम ठेवली. त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. फिनाइलकीटोनूरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र अस्पार्टेम टाळायलाच हवं. माझा सल्ला असा: डाएट पेय काही आठवडे पूल म्हणून वापरा, पण तेही त्याच नोंदवहीत लिहा आणि त्याच रीतीनं कमी करत न्या.

दात विसरू नका

सवय सुटेपर्यंतच्या काळात दातांना कमीत कमी इजा व्हावी यासाठी एक-दोन गोष्टी. कोलाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) २.५ च्या आसपास असतो, आणि साधारण ५.५ च्या खाली गेलं की दातांवरचं एनॅमल विरघळायला लागतं. त्यामुळे एकच बाटली तीन तास घोट-घोट पिणं हे एका बैठकीत संपवण्यापेक्षा दातांना वाईट, कारण तेवढा वेळ तोंड आम्लात राहतं. प्यायल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा. लगेच ब्रश करू नका, अर्धा ते एक तास थांबा, नाहीतर मऊ झालेलं एनॅमल घासलं जातं.

मध्येच घसरलात तर

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लागलेला वेळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत निघाला. मधला आकडा होता ६६ दिवस. ग्लासभर पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर जमल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. त्या अभ्यासातली मला सगळ्यात उपयोगी वाटणारी गोष्ट ही की एखादा दिवस चुकल्यानं एकूण प्रगतीवर फारसा फरक पडला नाही. म्हणून ‘एकवीस दिवसांत सवय सुटते’ असल्या दाव्यांवर स्वतःला तोलू नका. बाविसाव्या दिवशी तल्लफ आली म्हणजे आपण हरलो, असा समज त्यातून होतो.

एखाद्या समारंभात दोन ग्लास झाले, तर पुढचं पेय योजनेप्रमाणे घ्या. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून उपाशी राहू नका, आणि पहिल्यापासून मोजायलाही लागू नका. सलग दोन-तीन आठवडे गाडी एकाच आकड्यावर अडली असेल तर नोंदवही पुन्हा काढा. बहुतेक वेळा एखाद्या बाटलीसमोर आपण चुकीचा शब्द लिहिलेला असतो. ‘तहान’ म्हणून लिहिलेली बाटली खरं तर कॅफीनची निघते, किंवा घरातल्या ताणातून दोन मिनिटं बाहेर पडण्याची.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेत असाल तर रोजची साखर एवढी कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, औषधाचं प्रमाण बदलावं लागू शकतं. रक्तातली साखर अचानक खूप उतरली तर चटकन चढवण्यासाठी साधं, साखरेचं कोल्ड्रिंक कामी येतं. दीडशे मिलिलिटरमध्ये साधारण १५ ग्रॅम साखर मिळते. अशा घरात एक लहान कॅन औषधांच्या पेटीशेजारी ठेवा आणि त्यावर तसं लिहून ठेवा. सतत न भागणारी तहान, वारंवार लघवीला जावं लागणं, कारण नसताना वजन उतरणं, यांपैकी काही असेल तर नोंदवही नंतर लिहा आणि आधी रक्त तपासून घ्या.